स्वेटर मापात येत नाही? कारणं शोधा, उपाय करा

पॅटर्नमध्ये दिले तेवढेच टाके घातले, सांगितल्या तेवढ्याच ओळी विणल्या, सगळे भाग नीट जोडले, आणि तरीही अंगात घातल्यावर स्वेटर खांद्यावरून ओघळतो किंवा काखेत रुततो. नव्याने विणायला लागलेल्यांची सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. दुसऱ्या स्वेटरला पुन्हा तेच झालं की तिसऱ्यासाठी सुया हातात घ्यायची इच्छाच उरत नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा हात चांगलाच बसलेला असतो. वीण सुबक असते, टाके एकसारखे असतात. चुकलेलं असतं ते माप, आणि तेही पहिली ओळ विणायच्या आधीच.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा

झालेला किंवा अर्धवट राहिलेला स्वेटर सपाट जागेवर पसरा. ओढू नका, हाताने नुसता सारखा करा. कडांपासून लांब, मधल्या भागावर एक कडक फूटपट्टी आडवी ठेवा. कापडी टेप नको, तो विणीबरोबर वळतो. १० सेंमीमध्ये किती टाके येतात ते मोजा. शेवटी अर्धा टाका येत असेल तर अर्धा धरा, तो सोडून देऊ नका. मग पट्टी उभी करून १० सेंमीमध्ये किती ओळी येतात ते मोजा. हे दोन आकडे म्हणजे तुमचं गेज. आता पॅटर्नवरचे आकडे बघा.

आकडे जुळत नसतील तर दोष सुईत, लोकरीत किंवा ताणात आहे. आकडे जुळतात आणि तरीही स्वेटर ढगळ किंवा घट्ट होतो, तर साइझ निवडताना चूक झाली आहे. अंग छान बसलं आहे, फक्त डोकं गळ्यातून जात नाही किंवा खालची कड वर वळते, तर बिघाड नुसता कडेचा आहे आणि तो तासाभरात दुरुस्त होतो. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी मोजा, उसवायचं की नाही ते नंतर ठरवा.

टाक्यांच्या छोट्या फरकाने केवढं बिघडतं ते एकदा आकड्यांत बघितलं की नमुना, म्हणजे गेज मोजण्यापुरता छोटा तुकडा, आधी विणायचा कंटाळा आपोआप जातो. समजा पॅटर्नचं गेज १० सेंमीला २२ टाके आहे आणि स्वेटरचा घेर १०० सेंमी हवा आहे. म्हणजे पुढून-मागून मिळून २२० टाके. तुमचा हात जरा सैल असेल आणि १० सेंमीत २० टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर ११० सेंमी होतो. हात घट्ट असेल आणि २४ टाके बसत असतील, तर घेर जेमतेम ९२ सेंमी. फरक दोनच टाक्यांचा, तोही बोटभर जागेत डोळ्यांना न दिसणारा, पण अंगावर तो एका साइझपेक्षा जास्त भरतो.

नमुना विणला होता, तरी चुकलं

हे फार ऐकू येतं. नमुना विणलेला असतो, मोजलेला असतो, आकडाही बरोबर आलेला असतो. मग स्वेटर का चुकतो? कारण नमुना विणण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धतीतच चार-पाच जागा अशा आहेत, जिथे तो आपल्याला फसवतो.

पहिली जागा म्हणजे नमुन्याचा आकार. १० सेंमी मोजायचे म्हणून १० सेंमीचाच तुकडा विणला जातो. कडेचे दोन-तीन टाके नेहमी वेगळे वागतात, सैल पडतात किंवा आत वळतात, आणि तुकडा लहान असेल तर तेच मापात येतात. २२ टाक्यांच्या गेजला किमान ३६ टाके घाला आणि १५-१६ सेंमी उंच विणा. मोजताना फक्त मधला भाग घ्या.

दुसरी जागा: सुईवर असतानाच मोजणं. सुईवर असलेल्या ओळी ताणलेल्या असतात. टाके बंद करा, नमुना सुईवरून उतरवा, मग मोजा.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी जागा म्हणजे नमुना न धुणं. विणताना लोकरीला आपण सतत ताण देत असतो. पाण्यात गेल्यावर तो ताण सुटतो, टाके आपापल्या जागी बसतात, काही लोकरी फुलतात आणि काही लांबतात. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर, जिच्या लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलेलं असतं, ती ओली झाली की चांगलीच पसरते. कोरडा नमुना २२ टाके दाखवेल आणि धुतल्यावर त्याचे २० होतील. स्वेटर आयुष्यभर धुतलेल्या अवस्थेतच वापरला जाणार आहे, म्हणून नमुनाही धुतलेलाच मोजायचा. पुढे स्वेटर जसा धुणार तसाच तो धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट वाळवा. टाचण्या लावून ताणू नका. पॅटर्नमध्ये हव्या त्या मापाला ताणून बसवलेला नमुना मोजणं म्हणजे न मोजल्यासारखंच आहे.

चौथी जागा गोल विणणाऱ्यांची. नमुना सरळ सुयांवर पुढे-मागे विणलेला आणि स्वेटर गोल सुईवर. पुढे-मागे विणताना एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट येते, गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलटच. बऱ्याच जणांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल असतो, त्यामुळे दोन्हींचं गेज वेगळं येतं. गोल स्वेटरसाठी नमुनाही तसाच हवा. गोल सुईवर ओळ सुलट विणा, शेवटी उलटवू नका, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागच्या बाजूने सैल आणा आणि पुन्हा सुलट ओळ विणा. मागे लांब धागे लोंबतील, लोंबू द्या. मोजायला सपाट पडावा म्हणून ते मधोमध कापले तरी चालतात.

आणि पाचवी: नमुना बांबूच्या सुईवर, स्वेटर धातूच्या सुईवर. धातूवर धागा झरझर सरकतो, बांबूवर थोडा अडतो, आणि एकाच जाडीच्या दोन सुयांवर एकाच हाताचं गेज बदलू शकतं. ज्या सुईवर नमुना विणला, त्याच सुईवर स्वेटर विणा.

सुईचा क्रमांक

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मे घोळ याच एका आकड्याने होतात. सुयांच्या क्रमांकांच्या दोन पद्धती नेहमी समोर येतात, जुनी ब्रिटिश आणि अमेरिकन, आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १४ नंबर म्हणजे २ मिमी. अमेरिकन पद्धतीत क्रमांक वाढला की सुई जाड होते: तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी आणि १० नंबर म्हणजे ६ मिमी. अमेरिकन पॅटर्नमधला ‘१० नंबर’ वाचून ३.२५ मिमीची सुई घेतली, तर जवळजवळ निम्म्या जाडीची सुई हातात येते आणि प्रौढ माणसाचा स्वेटर मुलाच्या मापाचा होतो. घरातल्या जुन्या सुयांवर नुसता क्रमांक कोरलेला असेल तर त्या सुईमापकाच्या भोकांतून घालून बघा. क्रमांक विसरा, मिलिमीटर धरा.

लोकरीचंही असंच. ‘प्लाय’ (धाग्याचे पदर) हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जात नाही, त्यामुळे दुसरी लोकर निवडताना फक्त प्लायवर भरवसा ठेवू नका. लेबलवर दोन गोष्टी बघा: १० सेंमीला किती टाके, आणि १०० ग्रॅममध्ये किती मीटर. डीके (डबल निटिंग), म्हणजे मध्यम जाडीची लोकर साधारण २२ टाके देते आणि १०० ग्रॅममध्ये २०० ते २५० मीटरच्या आसपास भरते. दोन्ही आकडे पॅटर्नमधल्या लोकरीच्या जवळ असतील तर ती लोकर चालेल. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. शेवटचे दोन वेगळ्या लॉटचे मिळाले तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या असं आलटून-पालटून विणा, म्हणजे रंगाची रेघ उठून दिसत नाही.

गेज जुळतच नसेल तर

१० सेंमीत पॅटर्नपेक्षा जास्त टाके बसत असतील तर अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या, कमी बसत असतील तर अर्धा मिलिमीटर बारीक. मुद्दाम सैल किंवा मुद्दाम घट्ट विणायला जाऊ नका. पाच-सहा ओळींनंतर हात आपल्या सवयीवर जातोच, आणि मग एकाच स्वेटरमध्ये दोन गेज दिसतात.

दोन-तीन सुया बदलूनही आकडा येत नसेल, पण विणलेलं कापड हाताला छान लागत असेल, तर हट्ट सोडा आणि पॅटर्नमधला दुसरा साइझ घ्या. गणित सोपं आहे. पॅटर्नला २२ टाके हवेत, तुमचे २० येतात आणि घेर १०० सेंमी हवा आहे. तुम्हाला लागणार २०० टाके. आता पॅटर्नमध्ये कोणत्या साइझला २०० च्या आसपास टाके आहेत ते शोधा. तो ९१ सेंमीचा साइझ असेल. टाक्यांचे आकडे त्या साइझचे घ्या, लांबी मात्र स्वतःच्या मापाची ठेवा. स्वेटर १०० सेंमीचाच होईल.

टाके जुळले, ओळी जुळत नाहीत, असं तर अगदी नेहमी होतं. आडवं माप महत्त्वाचं म्हणून नवशिक्यांना ओळींकडे दुर्लक्ष करायला सांगितलं जातं. अंगाच्या लांबीपुरतं ते ठीक आहे, कारण तिथे आपण सेंमी मोजून थांबू शकतो. मुंढ्याजवळ मात्र ते अंगाशी येतं. १० सेंमीला ३० ओळी धरून मुंढ्यासाठी ६० ओळी दिलेल्या असतील तर तो २० सेंमी खोल व्हायला हवा. तुमच्या २७ च ओळी बसत असतील तर त्याच ६० ओळींत मुंढा २२ सेंमीच्या पुढे जातो आणि बाही काखेखाली लोंबते. म्हणून मुंढा, गळा आणि बाही इथे पॅटर्नने ओळी सांगितल्या असल्या तरी त्यांचे सेंमी काढून ठेवा आणि पट्टी लावत विणा.

गेज जुळूनही स्वेटर घट्ट झाला असेल, तर बहुधा छातीचं माप हेच स्वेटरचं माप धरलं गेलं आहे. अंगाच्या मापाहून स्वेटर ५ ते १० सेंमी मोठा असला की तो आतल्या कपड्यांवरून सहज घालता येतो. किती सैलपणा हवा हे डोक्यात ठरवण्यापेक्षा, अंगावर आवडतो असा एखादा स्वेटर सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. यापेक्षा खात्रीचं माप मला तरी माहीत नाही.

मध्येच टाके वाढतात किंवा कमी होतात

तुकडा दोन्ही बाजूंनी हळूहळू रुंद होत जातो, काही ठिकाणी छोटी भोकं दिसतात. यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं.

ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे जातो. त्यामुळे पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय सुईवर दोन वेगळे टाके वाटतात. दोन्ही विणले की एक टाका वाढला. ओळीच्या सुरुवातीला धागा आधी खाली घ्या आणि सुईच्या खालून मागे न्या. दुसरं कारण बॉर्डरमध्ये सापडतं. एक सुलट एक उलट विणताना दर टाक्याला धागा दोन सुयांच्या मधून पुढे-मागे करावा लागतो. तो सुईवरून गेला की एक आयता वेढा तयार होतो, आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. असा वेढा पुढच्याच ओळीत दिसला तर सुईवरून नुसता सोडून द्या, काही उसवायची गरज नाही. तिसरं, सुई धाग्याच्या मधून घुसते आणि एका टाक्याचे दोन होतात. सैल पिळाच्या लोकरीत हे फार होतं. पहिल्या स्वेटरला घट्ट पिळाची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्या. केसाळ आणि काळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत.

टाका निसटून खाली शिडी झाली असेल तर घाबरून सगळं उसवू नका. सुलट बाजू समोर ठेवा, क्रोशाची सुई निसटलेल्या टाक्यात पुढून घाला, शिडीची सगळ्यात खालची दोरी पकडून टाक्यातून ओढा, मग तिच्या वरची, असं करत वर या. शेवटी टाका सुईवर ठेवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे यायला हवा.

ही पायाची गोष्ट नीट कळली की आणखी एक अडचण सुटते. काहींची वीण कडक आणि अरुंद होते आणि सुलट टाक्याचा इंग्रजी व्हीसारखा आकार तळाशी फुली मारल्यासारखा दिसतो. तो पिळलेला टाका असतो. उलट टाक्यात धागा विरुद्ध दिशेने गुंडाळायची सवय असेल, तर पुढच्या ओळीला टाक्याचा डावा पाय पुढे येतो. तेव्हा पुढच्या पायातून सुलट विणलं की टाका पिळतो. एक तर उलट टाक्याची दिशा बदला किंवा त्या सवयीसह पुढच्या ओळीत मागच्या पायातून विणा. दोन्ही बरोबर आहे. त्यातली एकच पद्धत धरून ठेवा, म्हणजे झालं.

अर्ध्या ओळीत विणकाम ठेवून उठलात तर परतल्यावर धागा कुठून येतो ते बघा. तो उजव्या हातातल्या सुईवरून यायला हवा. सुया उलट धरल्या गेल्या तर तुम्ही आलेल्या वाटेनेच परत विणत जाता, तिथे एक भोक राहतं आणि तुकड्याची एक बाजू दोन ओळींनी उंच होते. पाठ आणि पुढची बाजू जोडताना शिवण जुळत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

दर २० टाक्यांवर मार्कर (खुणेची कडी) अडकवा आणि दर आठ-दहा ओळींनी टाके मोजा.

गळा आणि खालची कड

डोकं गळ्यातून जात नाही याचं कारण गळा लहान आहे हे नसून तो घट्ट बंद केला आहे, हे असतं. टाके बंद करताना हात आवळला जातोच. विणायच्या सुईपेक्षा दोन मापांनी जाड सुई घेऊन बंद करा. तरीही कडक वाटलं तर असं करा: दोन टाके सुलट विणा, डावी सुई त्या दोन्ही टाक्यांत पुढून घाला आणि दोन्ही एकत्र विणा. उजव्या सुईवर एक टाका राहील. पुढचा एक टाका विणा, पुन्हा दोन्ही एकत्र. ही कड रिबसोबत, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या ताणणाऱ्या पट्टीसोबत, ताणली जाते. गळ्याचे टाके बंद झालेल्या स्वेटरमध्येही शेवटची ओळ उसवून हे करता येतं. वरून खाली विणलेल्या स्वेटरमध्ये घट्टपणा सुरुवातीच्या टाक्यांत असतो, म्हणून टाके घालतानाच जाड सुई घ्यायची.

खालची कड वर गुंडाळते, कारण सुलट-उलट ओळींच्या साध्या विणीचा स्वभावच तो आहे. वरची-खालची कड सुलट बाजूकडे वळते आणि उभ्या कडा उलट बाजूकडे. पाणी मारून, वाफ देऊन ती काही दिवस सरळ राहील, नंतर पुन्हा वळेल. तिथे ५-६ सेंमीची रिब किंवा सगळ्या ओळी सुलट विणलेली पट्टी हवीच. ती विणायची राहून गेली असेल तर घातलेल्या टाक्यांच्या कडेवरून टाके उचला आणि खालच्या दिशेने बॉर्डर विणा.

धुतल्यावर बिघडला

इथे लोकर कशाची आहे त्यावर सगळं आहे. मेंढीच्या साध्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. हे परत पूर्वीसारखं होत नाही, म्हणून कोमट पाणी, न चोळता बुडवणं आणि सपाट वाळवणं, एवढं सांभाळाच. सुपरवॉश लोकर आटत नाही पण वाढते. तिचा ओला स्वेटर टांगू नका, हाताने मापात आणून सपाट ठेवा. सुती धागा जड असतो आणि स्वतःच्या वजनाने लांब होतो, तेव्हा त्याचा स्वेटर दोन-तीन सेंमी आखूडच विणा. ॲक्रिलिक पाण्याने फारसं बदलत नाही, त्याला आकार वाफेने येतो. पण इस्त्री चुकूनही टेकवू नका. जास्त उष्णतेने ॲक्रिलिक कायमचं लुळं पडतं, मग त्याचा टाका पुन्हा उभा राहत नाही.

कोणता स्वेटर घ्यावा म्हणजे या अडचणी कमी येतील

माझं मत स्पष्ट आहे: पहिला स्वेटर असा घ्या की ज्याचं माप मध्येच तपासता येईल आणि सुधारता येईल. वेगवेगळे भाग विणून, मुंढ्याला आकार देऊन, बसवलेली बाही शिवायचा स्वेटर दिसायला सुंदर असतो, पण सगळं शिवून झाल्याशिवाय तो कसा बसतो ते कळत नाही. तो तिसरा-चौथा असू दे.

सगळ्यात सोपा म्हणजे चौकोनांचा. पाठ एक आयत, पुढची बाजू तेवढाच आयत. खांदे जोडायचे आणि मध्ये गळ्याची सरळ फट सोडायची. फट किती? डोक्याचा घेर मोजा, त्याच्या निम्मी. घेर ५६ सेंमी असेल तर २८ सेंमी. मग बाहीसाठी कडेवरून टाके उचलून मनगटाकडे विणत जायचं. इथे एक प्रश्न नेहमी येतो, दर ओळीला एक टाका उचलला की बाही झालरीसारखी फुलते. कारण ओळ ही टाक्यापेक्षा बुटकी असते. २२ टाके आणि ३० ओळींच्या गेजला दर ४ ओळींमागे ३ टाके उचला, एक ओळ सोडा. बाही अगदी सपाट बसते. शिवाय खांद्यापासून विणत असल्यामुळे स्वेटर अंगात घालून बाहीची लांबी ठरवता येते.

दुसरा, वरून खाली गोल विणायचा रॅगलन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषांनी बाही जोडलेला स्वेटर. गळ्यापासून सुरू करून चार रेषांवर दर दुसऱ्या फेरीला एकूण ८ टाके वाढवायचे, काखेपर्यंत आलं की बाह्यांचे टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवायचे आणि अंग खाली विणत जायचं. शिवण जवळजवळ नाहीच, आणि दोऱ्यावर टाके घेऊन केव्हाही घालून बघता येतो. सुरुवातीला गोल जोडताना टाके सुईभोवती पिळलेले नाहीत हे मात्र दोनदा तपासा. तो पीळ नंतर उसवल्याशिवाय निघत नाही.

पॅटर्नचे आकडे आपल्या गेजला लागत नसतील तर विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारी फार उपयोगी पडते. अंगाच्या घेराचे टाके १०० टक्के धरायचे. गळा त्याच्या ४० टक्के, बाही वरच्या बाजूला साधारण ३३ टक्के, मनगट २० टक्के आणि प्रत्येक काखेत ८ टक्के. म्हणजे २२० टाक्यांच्या स्वेटरला गळ्याचे ८८, बाहीचे ७३, मनगटाचे ४४ आणि काखेचे १८. दंड भरलेले असतील तर बाही ३५ टक्क्यांपर्यंत न्या.

बाही घटवण्याचा हिशोबही आधीच करून ठेवा. ७३ टाक्यांवरून मनगटाच्या ४४ च्या जवळ, म्हणजे ४५ वर यायचं तर २८ टाके कमी करायचे. दर वेळी दोन, म्हणजे १४ वेळा. बॉर्डर सोडून बाही ४० सेंमी असेल तर १० सेंमीला ३० प्रमाणे १२० फेऱ्या होतात. दर ८ फेऱ्यांनी घटवलं की ११२ फेऱ्यांत काम होतं, उरलेल्या ८ साध्या विणा. दोन्ही बाह्या सारख्या याव्यात म्हणून सेंमी न मोजता फेऱ्या मोजा. सरळ सुयांवर विणत असाल तर दोन गुंडे घेऊन दोन्ही बाह्या एकाच सुईवर शेजारी-शेजारी विणा.

तान्ह्या बाळाचा स्वेटर लहान असतो, लवकर होतो, आणि एखादा सेंमी इकडे-तिकडे झाला तरी बाळ वाढतंच. फक्त गळा बंद ठेवू नका. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षाही थोडा जास्त असतो, तेव्हा पुढून उघडा किंवा एका खांद्यावर बटणं असलेलाच पॅटर्न घ्या.

स्वेटर होऊन गेला आहे, आता काय करता येईल?

लांब झाला असेल तर बॉर्डरच्या वर, साध्या विणीत एक टाका कापा आणि ती एक ओळ हलक्या हाताने सोडवत जा. स्वेटर दोन भागांत सुटेल. वरच्या भागाचे मोकळे टाके सुईवर घ्या, हवं तेवढं उसवा आणि बॉर्डर पुन्हा खालच्या दिशेने विणा. आखूड असेल तर याच जागी भर घालता येते. आडव्या मापाला मात्र इतकी सोपी वाट नाही. घट्ट स्वेटरला दोन्ही बाजूंच्या शिवणीत, काखेपासून खालपर्यंत, उभी पट्टी विणून जोडता येते आणि वेगळ्या रंगाची पट्टी तर मुद्दाम केल्यासारखी शोभते. ढगळ स्वेटरची शिवण दोन-तीन टाके आत घेता येते, त्याहून जास्त घेतलं तर आत जाड गाठोडं होतं आणि घालणाऱ्याला टोचतं. तेव्हा उसवणंच बरं.

उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका. ती कुरळी झालेली असते, तिच्यावर गेज चुकीचं येतं आणि पुन्हा तीच तक्रार उभी राहते. खुर्चीच्या पाठीभोवती तिची लडी करा, चार ठिकाणी दुसऱ्या धाग्याने सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, पाणी दाबून काढा आणि वजन न लावता टांगून पूर्ण वाळवा. मेंढीच्या लोकरीचा कुरळेपणा यात जातो. ॲक्रिलिकचा थोडा राहतो, त्याला लांबून वाफ द्या. नंतर गुंडा करून ३६ टाक्यांचा नमुना पुन्हा एकदा विणा, कारण वापरलेल्या लोकरीचं गेज नव्या गुंड्यापेक्षा थोडं वेगळं येऊ शकतं.